आकडा माझा होता

कॉलेजच्या कार्यक्रमात, जेवणाच्या रांगेत, एका नव्या प्राध्यापकानं मला विचारलं, "सर, त्या शहारे मॅडम म्हणे जरा सरकलेल्याच होत्या ना?"

माझ्या हातात ताट होतं. मी ते होतं तसं टेबलावर ठेवलं आणि न जेवता घरी आलो. बायको म्हणाली, त्या पोराचा काय दोष, त्यानं ऐकलं तेच विचारलं. खरं आहे. पण त्याला हे सांगितलं कोणी, ते मला माहीत आहे. जे त्यांच्यासमोर मान वर करून बोलू शकत नव्हते, ते आता त्यांना सरकलेली म्हणतात. म्हणून लिहायला बसलो. राग शांत झाल्यावर लिहावं असं म्हणतात, पण माझा शांत होणार नाही असं दिसतं.

वंदना शहारे सौंदडच्या. वडील रेल्वेत गँगमन होते. मॅडम शिकल्या, बंगलोरच्या एका कंपनीत लागल्या, काही वर्षं तिथं राहिल्या. मग वडलांना लकवा मारला. आई आधीच गेलेली, घरात दुसरं कोणी नाही, म्हणून नोकरी सोडून परत आल्या आणि आमच्या कॉलेजात कॉम्प्युटरच्या विभागात शिकवू लागल्या. हे २००३ च्या आसपासचं. मी त्याच कॉलेजात गणित शिकवत होतो. कॉलेज गोंदियाच्या बाहेर, बिरसीच्या रस्त्यावर. एक खाजगी संस्था, दोन इमारती आणि एक जुनं धानाचं गोदाम, ज्यात कॉम्प्युटर लॅब होती. पावसाळ्यात तिथं कोंड्याचा वास यायचा.

मॅडम ठेंगण्या, जाड भिंगाचा चष्मा, सुती साडी आणि साडीखाली पांढरे खेळाचे बूट. त्या बुटांवरून पोरं हसायची. महिनाभरात हसणं बंद झालं. राग आला की त्यांचा आवाज चढत नसे, उलट खाली जायचा. चष्मा काढून टेबलावर पालथा ठेवला की समोरच्यानं समजून घ्यायचं. आणि राग वाढला की भाषा सौंदडला परत जायची. प्रमाण मराठीत सुरू झालेलं वाक्य झाडीबोलीत संपायचं.

त्यांचा एक प्रश्न सगळ्या कॉलेजला पाठ होता: "कोणत्या मशीनवर?"

एखादा पोरगा वर्गात म्हणाला, मॅडम, मेमरीचा एक तुकडा, म्हणजे पेज, चार केबीचं असते, की प्रश्न आलाच. कोणत्या मशीनवर? मेमरीचा पत्ता इतका लांब असतो. कोणत्या मशीनवर? पुढं पुढं हा प्रश्न त्या कशालाही लावू लागल्या. प्राचार्य म्हणाले, "शिस्त म्हणजे शिस्त, ती सगळीकडे सारखीच," तर मॅडमनी शांतपणे विचारलं, "कोणत्या मशीनवर, सर?" प्राचार्यांना कळलं नाही, आम्हाला कळलं, आणि आम्ही खाली पाहत राहिलो.

एका वर्षी विद्यापीठाच्या परीक्षेत हाच प्रश्न आला. पेजचा आकार किती? देवरीकडची एक मुलगी होती, तिनं लिहिलं की तो प्रोसेसरवर अवलंबून असतो, एकावर चार तर दुसऱ्यावर आठ, आणि तो संगणकाच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, कोणत्या फाईलीत ठरवतात तेही लिहिलं. तिला त्या प्रश्नात शून्य मिळालं आणि तेवढ्यानं ती नापास झाली. मॅडम बस पकडून नागपूरला गेल्या. दिवसभर ऑफिसबाहेरच्या बाकावर बसून राहिल्या. शेवटी एका साहेबानं आत बोलावलं आणि सांगितलं, "मॉडेल उत्तरात चार आहे."

"मॉडेल उत्तर चूक आहे."

"मॅडम, मॉडेल उत्तर चूक कसं असेल?"

हे त्यांनी दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये आम्हाला सांगितलं, एकदाच आणि अगदी हळू आवाजात. मग वर्गात गेल्या आणि त्या मुलीला सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तू बरोबर होतीस. तू नापास झालीस. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. यातल्या दुसरीनं पहिली खोटी होत नाही." मुलगी रडली. मॅडमनी तिला रडू दिलं आणि फळ्याकडे वळल्या.

स्टाफरूममध्ये त्यांचं कोणाशी जमलं नाही. एक जुने सर होते, त्यांनी एकदा चहा पिता पिता म्हटलं, "तुम्हाला काय मॅडम, तुमच्यासाठी जागा असतेच." खोलीत सगळे थांबले. मॅडमनी चष्मा काढला.

"असते ना. आमच्या लोकांनी भांडून घेतली ती जागा. तुमच्या सासऱ्यानं संस्थेत शब्द टाकला तेव्हा तुम्ही कोनाशी भांडले होते?"

जुने सर त्यानंतर त्यांच्याशी कधी बोलले नाहीत. आम्ही बाकीचे चहा पीत राहिलो. मॅडम घंटा झाल्यावर तासाला गेल्या.

आता त्या करत काय होत्या ते सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मला ते त्यांनीच शिकवलं. लोडशेडिंगमध्ये लॅब बंद पडली की त्या बाहेरच्या ओट्यावर लाखोरीची डाळ आणि भात खात बसायच्या. अशाच एका दुपारी मी विचारलं, मॅडम, तुम्ही संगणकावर रोज जे करता ते नेमकं काय?

"बिसेन सर, तुम्ही आमगावचे. घरी धान आहे. धुरा माहीत आहे ना?"

दोन बांध्यांमधला, म्हणजे धानाच्या खाचरांमधला, मातीचा बांध. मी म्हटलं, माहीत आहे.

"संगणकात जितके प्रोग्राम चालतात, प्रत्येकाला वाटते सगळी मेमरी माझीच. तसं नसते. मधी कर्नल बसला असते. मशीनचा कारभारी समजा. तो प्रत्येकाला नुसते पत्ते देते, आणि लागेल तेव्हा त्या पत्त्यामागं खरी मेमरी लावते. आता धुरा कुठं घालायचा? प्रोग्रामचे पत्ते कुठं संपतात, कर्नलचे कुठून सुरू होतात, एक पान, म्हणजे पेज, केवढं, कर्नलनं स्वतःसाठी किती पत्ते राखून ठेवायचे. हे प्रोसेसर बदलला की बदलते. म्हणून प्रत्येक प्रोसेसरसाठी एक वेगळी फाईल असते, त्यात हे आकडे लिहायचे."

"म्हणजे नुसते आकडे?"

"नुसते आकडे. ती फाईल स्वतः काहीच करत नाही. पण तिच्यातला एक आकडा चुकला की त्याच्यावर उभं असलेलं सगळं चुकते, आणि चुकलं कुठं ते कोणालेच सापडत नाही."

इंटरनेटवर जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेला एक फुकट कर्नल होता. त्यातल्या एका स्वस्त, छोट्या प्रोसेसरची ती आकड्यांची फाईल मॅडम सांभाळत होत्या. फाईलीच्या वर त्यांचं नाव होतं. परदेशातली माणसं त्यांना विचारून त्यात बदल करायची. आणि आमचे प्राचार्य पाहुण्यांना त्यांची ओळख करून देताना म्हणायचे, "या मॅडम कॉम्प्युटर रिपेअरिंगसुद्धा करतात."

त्या प्रोसेसरमुळेच एक कंपनी त्यांच्याकडे आली. नाव लिहीत नाही. बाहेरगावची कंपनी होती, आणि तिचा डायरेक्टर आमच्या संस्थेच्या अध्यक्षांचा दोस्त होता. नवजात बाळांसाठी मॉनिटर बनवत होते. बाळाच्या पायाला पट्टी गुंडाळायची, पट्टीत लाल दिवा, आणि पडद्यावर रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा. आकडा उतरला की मशीन ओरडणार. बाहेरून येणाऱ्या मशीनपेक्षा खूप स्वस्त, म्हणून सरकारी दवाखान्यांना परवडणारं. त्यात तोच प्रोसेसर आणि तोच फुकट कर्नल. मॅडमनी कर्नल त्या मशीनच्या बोर्डावर बसवून द्यायचा, असं ठरलं.

मॅडम त्या कामानं फार खूश होत्या. मी त्यांना तेवढं खूश कधी पाहिलं नव्हतं. "आपल्या दवाखान्यात लागणार, सर," एवढंच म्हणाल्या. मशीन तयार झाली, चाचण्या झाल्या, दवाखान्यात लागली. नर्सबाया म्हणाल्या, छान आहे. वर्ष गेलं.

मग तक्रारी सुरू झाल्या. मशीन मधूनच अडकते, बंद करून चालू केली की ठीक होते. कंपनीत निखिल नावाचा नवा इंजिनियर होता, तो मॅडमना फोन करायचा. मॅडमना खात्री होती की चूक कंपनीच्या पोरांनी लिहिलेल्या प्रोग्रामांत आहे. ते प्रोग्राम वाईट होतेच, मॅडम त्यांतल्या ओळी मला वाचून दाखवायच्या आणि संतापायच्या. एकदा मी समोर असताना निखिलचा फोन आला. तो काहीतरी सांगू पाहत होता आणि मॅडम त्याला बोलू देत नव्हत्या.

"तुझा कचरा आधी साफ कर. मग मले सांग."

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, पोरगं रडकुंडीला आलं असेल. त्या म्हणाल्या, "येऊ द्या. लहान लेकराच्या मशीनवर असं लिहिते का कोणी?"

त्याच वर्षी उन्हाळ्यातली ही गोष्ट. आमच्या घरामागच्या दोन खोल्यांत सिस्टर उईके भाड्यानं राहायच्या. सालेकसाकडच्या, गोंड घरातल्या, पन्नाशीच्या, जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात नवजात बाळांच्या खोलीत नोकरी. दर वर्षी कचारगडच्या यात्रेला जायच्या आणि आमच्या पोरांसाठी तिथून काहीतरी आणायच्या. एक दिवस त्या दुपारीच घरी आल्या आणि अंगणात उभ्या राहिल्या. आत येईनात.

माझ्या बायकोनं विचारलं, "काय झालं सिस्टर?"

"मले सस्पेंड केलं."

हळूहळू सगळं कळलं. भर दुपारी खोलीत बाळं जास्त आणि नर्स एकटी. सिस्टर एका बाळाला सलाईन लावत होत्या. दुसऱ्या बाळाची आई, गोरेगावकडच्या खेड्यातली मजूर बाई, पाळण्याशी उभी होती. ती म्हणाली, "बाई, माहा लेकरू निळा पडून राहिला." सिस्टरनी वळून मॉनिटर पाहिला. पडद्यावर सत्त्याण्णव. म्हणजे उत्तम. त्यांनी आईला म्हटलं, घाबरू नको, मशीन बरोबर दाखवते. हातातली सुई नीट बसवली. आई पुन्हा म्हणाली. तेव्हा सिस्टरनी बाळाकडे पाहिलं. बाळ श्वास घेत नव्हतं. त्यांनी तोंडावर श्वास देणारा फुगा लावला, डॉक्टर धावत आले, बाळ परत आलं. पण मध्ये जो वेळ गेला तो गेला. नातेवाईकांनी गोंधळ घातला. कंपनीला विचारलं तर कंपनीनं कळवलं की मशीन निर्दोष आहे, कर्मचाऱ्यानं आवाज बंद करून ठेवला असणार. झालं. माणूस सापडला की सगळ्यांचं काम सोपं होतं.

"मी आवाज बंद नाही केला," सिस्टर म्हणाल्या. "वरून ते सत्त्याण्णव दाखवून राहिलं होतं. मी काऊन खोटं बोलू?"

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना हे सांगितलं. त्यांनी मला दोनदा सांगायला लावलं. सत्त्याण्णव दाखवत होतं? आवाज नाही आला? मग उठून दवाखान्यात गेल्या, तिथल्या डॉक्टरांशी काय बोलल्या देव जाणे, आणि ऑटोत घालून ती मशीन लॅबमध्ये घेऊन आल्या. मोठ्या बॅटरीवर लावली. पट्टी स्वतःच्या बोटाला गुंडाळून पाहिली, सगळं ठीक. मग ती मशीन तशीच चालू ठेवली. लॅबमध्ये कोणी फिरकायचं नाही असा हुकूम काढला. रोज सकाळी येऊन बोटाला पट्टी लावायच्या, तास घ्यायच्या, पुन्हा येऊन लावायच्या. असा आठवडा गेला.

एका सकाळी मी लॅबमध्ये डोकावलो. मॅडम स्टुलावर बसल्या होत्या. पट्टी टेबलावर पडली होती, कोणाच्याच अंगाला लागलेली नव्हती. तिचा लाल दिवा चालू होता. आणि पडद्यावर शहाण्णव.

"हे पाहा," त्या म्हणाल्या. "हे लाकडाच्या टेबलाचं ऑक्सिजन आहे."

"कंपनीच्या पोरांची चूक?"

"नाही. आकडा माझा होता."

त्यांनी चष्मा काढला नव्हता. आवाजही खाली गेला नव्हता. सपाट आवाजात सांगत होत्या. कर्नलनं स्वतःसाठी किती पत्ते राखायचे, तो आकडा त्यांनी पहिल्या बोर्डाच्या मेमरीकडे पाहून ठरवला होता आणि तसाच ठोकून दिला होता. वर्षभरानं कंपनीनं बोर्ड बदलला, मेमरी दुप्पट केली. मेमरी वाढली की कर्नलची स्वतःची खातीही वाढतात, आणि ती बसवायला जास्त पत्ते लागतात. ते नव्हते. मशीन काही दिवस सलग चालली की पत्ते संपायचे. मेमरी रिकामी पडलेली, पण तिथवर पोचायला पत्ताच शिल्लक नाही. मग कर्नल पट्टी वाचणाऱ्या प्रोग्रामला सांगायचा, थांब, पत्ता मोकळा झाला की उठवतो. तो कधीच मोकळा व्हायचा नाही. वाचणारा झोपला, ओरडणारा त्याच्यामागं झोपला, आणि पडद्यावर शेवटचा आकडा तसाच राहिला.

मी म्हटलं, "पण बोर्ड त्यांनी बदलला. तुम्हाला सांगितलं नाही. यात तुमचा—"

"सांगितलं होतं."

मी एक स्टूल ओढून बसलो.

"निखिलनं सांगितलं होतं. म्हणत होता, मॅडम, नव्याच बोर्डावर होऊन राहिलं. मी त्याले बोलूच नाही दिलं." त्यांनी टेबलावरची पट्टी उचलली. "सगळ्या दुनियेले विचारते मी, कोणत्या मशीनवर, कोणत्या मशीनवर. आणि त्यानं मशीन सांगितली तर फोन ठेवला."

त्यांनी माझ्यासमोरच निखिलला फोन लावला. "पोरा, तू बरोबर होतास. मी ऐकलं नाही. माझी चूक आहे." पलीकडून तो काय म्हणाला ते मला कळलं नाही. मग त्यांनी डायरेक्टरला फोन केला. आकडा किती असायला हवा होता ते सांगितलं आणि म्हणाल्या की सगळ्या मशीन आजच परत मागवा.

दोन दिवसांनी डायरेक्टर स्वतः गोंदियाला आला. प्राचार्यांच्या खोलीत बैठक झाली आणि मॅडमनी मला बरोबर बसवलं. डायरेक्टर हिंदीत बोलत होता, फार गोड. "मॅडम, गलती सबसे होती है. हम अगली सर्व्हिस में चुपचाप ठीक कर देंगे. आप भी सेफ, हम भी सेफ."

"और सिस्टर?"

"वो सरकारी मामला है. कुछ महीने में बहाल हो जाते हैं ये लोग."

मॅडमनी चष्मा काढला. "ये लोग? मेरी गलती है और सजा वो भुगत रही है. आप अगली सर्व्हिस की बात कर रहे हो? आज किसी दूसरे बच्चे के पैर में पट्टी बंधी है."

प्राचार्य मध्ये पडले. संस्थेचं नाव, अध्यक्षांची मैत्री, मॅडमचं करारावरचं पद, असं बरंच काही नम्रपणे बोलले. मला आजही त्या नम्रपणाची चीड येते. धमकी द्यायची तर सरळ द्यावी. मॅडम उठल्या आणि मला म्हणाल्या, "चला सर, तास आहे."

चौकशीच्या दिवशी मी त्यांना घेऊन गेलो. रिक्षात त्यांच्या मांडीवर ती मशीन, तशीच चालू, पायाशी बॅटरी. दवाखान्याच्या एका खोलीत चौकशी अधिकारी, दोन डॉक्टर, कंपनीचा माणूस, आणि भिंतीशी खुर्चीवर सिस्टर उईके. सिस्टर आणि मॅडम एकमेकींना पहिल्यांदाच पाहत होत्या.

कंपनीच्या माणसानं सांगितलं की पट्टी निसटली तरी मशीन लगेच ओरडते, त्यामुळे आवाज बंद असल्याशिवाय असं होणं अशक्य आहे. अधिकारी मान हलवत होते. मॅडमनी मशीन टेबलावर ठेवली. पडद्यावर शहाण्णव होतं. मग झोळीतून पट्टी काढून अधिकाऱ्यांच्या हातात दिली. वायर मशीनला जोडलेली, पट्टी रिकामी.

"हे कोणाचं आहे, साहेब?"

अधिकारी पट्टीकडे पाहत राहिले, मग पडद्याकडे. मॅडमनी पट्टी परत घेतली आणि पाण्याच्या ग्लासात बुडवली. शहाण्णव. मशीन ओरडली नाही.

"आवाज चालू आहे. बटण पाहून घ्या," मॅडम म्हणाल्या. मग सगळं सांगितलं. आकडा काय होता, कोणी लिहिला, किती असायला हवा होता. "सिस्टरनी काही चुकवलं नाही. आकडा माझा होता. काय कारवाई करायची ती माझ्यावर करा."

कंपनीचा माणूस म्हणाला, मॅडम भावनेच्या भरात बोलत आहेत. अधिकाऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि पेनचं टोपण लावलं.

बाहेर व्हरांड्यात मॅडम सिस्टरसमोर उभ्या राहिल्या आणि माफी मागितली. सिस्टरनी त्यांना खालून वरपर्यंत पाहिलं.

"माही माफी कायले मांगता? मी पगाराची मानूस, आज नाही तर उद्या कामावर येईन. त्या पोराच्या मायकडे जा. तिनं दोनदा सांगितलं मले. मी तुमच्या डब्याचं ऐकलं."

एवढं बोलून त्या निघून गेल्या.

त्या रविवारी मॅडम त्या खेड्यात गेल्या. एकट्या. परत आल्यावर मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, पोरगा आता धडधाकट दिसतो, पुढं काय ते डॉक्टर सांगू शकत नाहीत. त्या बाईनं त्यांना खाटेवर बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं, आणि एकच विचारलं, "आता दुसऱ्या लेकरांले लावून राहिले का ते मशीन?"

"तुम्ही काय सांगितलं?"

"काय सांगू? हो म्हटलं."

पुढं जे व्हायचं तेच झालं. सिस्टर उईके कामावर परत आल्या, पण निर्दोष असं कोणी जाहीर केलं नाही आणि महिन्याभरात त्यांची बदली सालेकसाच्या पुढच्या एका आरोग्य केंद्रात झाली. कंपनीनं मॅडमचा नवा आकडा गुपचूप घेतला, नव्या मशीनमध्ये घातला आणि आपल्याकडच्या फाईलीवरून त्यांचं नाव काढून टाकलं. चूक होती तोवर नाव होतं, चूक दुरुस्त झाल्यावर नाव नको. जुन्या मशीन कुठं कुठं गेल्या ते सांगायला कंपनी तयार नव्हती. आणि आमच्या संस्थेनं मॅडमचा करार पुढं वाढवला नाही. निरोप समारंभ झाला नाही. जुन्या सरांनी त्या दिवशी पेढे आणले होते, नातू झाला म्हणून, असं ते म्हणाले. खरं असेलही.

मॅडम सौंदडला वडलांजवळ राहायला गेल्या. कधीमधी फोनवर बोलणं व्हायचं. वडील वारल्याचं मला उशिरा कळलं.

२०१० च्या सुमारास मी एका लग्नाला अर्जुनीला निघालो होतो. गोंदियाहून सकाळची पॅसेंजर. सौंदडला गाडी थांबली आणि मॅडम डब्यात चढल्या. तेच पांढरे बूट, केस बरेच पिकलेले, खांद्याला जड झोळी. मला पाहून हसल्या आणि समोर बसल्या. कुठं निघालात विचारलं तर म्हणाल्या, वडसा. तिथल्या दवाखान्यात जुनी एक मशीन आहे.

"अजून?"

"आहेत ना. कपाटात ठेवतात, मोठी मशीन बिघडली की काढतात. मी डॉक्टरला भेटते, समोर बसून करून दाखवते, परवानगी देतात, मग आकडा बदलून देते. एक-दोघांनी हाकलूनही लावलं."

"पण कळतं कसं तुम्हाला, कुठं आहे ते?"

"सिस्टर उईके सांगतात."

मी चकित झालो. मॅडम खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "त्यांच्या सोबतच्या नर्सबाया बदल्या होऊन कुठं कुठं गेल्या. कोणी मशीन पाहिली की त्यांले फोन करतात, त्या मले करतात. गावाचं नाव सांगतात आणि फोन ठेवतात. दुसरं काही बोलत नाहीत. माफ नाही केलं त्यांनी मले. करूही नये."

मी म्हटलं, कंपनीनं करायचं काम तुम्ही का करत बसलात.

"ते करून नाही राहिले," त्या म्हणाल्या. "म्हणून."

अर्जुनी आलं. मी उतरलो आणि खिडकीशी जाऊन उभा राहिलो, निदान गाडी सुटेपर्यंत. माझ्या जागेवर एक धिप्पाड माणूस येऊन बसला होता आणि त्यानं समोरच्या बाकावर, मॅडमच्या झोळीला टेकवून, पाय पसरले होते. मॅडमनी चष्मा काढला. त्या काय म्हणाल्या ते गाडीच्या शिट्टीत मला ऐकू आलं नाही. त्या माणसानं आधी इकडंतिकडं पाहिलं, मग एक पाय खाली घेतला, मग दुसरा. गाडी हलली. मॅडमनी झोळी उचलून मांडीवर घेतली, दोन्ही हातांनी धरली आणि सरळ समोर पाहत बसल्या. मला हात हलवायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही.